धंद्याचं सगळं कळतं, पण सकाळी उठवत नाही



गेल्या रविवारच्या व्हिडिओच्या शेवटी मी दोन-तीन मिनिटं मानसोपचाराबद्दल बोललो. त्यानंतर बरेच फोन आले. काहींचं म्हणणं, "सर, तुम्ही धंद्याचं शिकवता, हे डोक्याच्या डॉक्टरचं मधेच कुठून काढलं?" आणि काहींनी हळू आवाजात विचारलं, "सर, तो नंबर परत एकदा सांगता का?" हा लेख दोघांसाठीही आहे. जरा मोठा झालाय. चहा घेऊन बसा.

सुरुवात प्रकाशापासून करतो, कारण माझं डोकं तिथे ठिकाणावर आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रकाशा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं गाव. लोक दक्षिण काशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेली माणसं उत्तरपूजेसाठी इथे केदारेश्वराला येतात. १९५५ साली पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली. मी शिबिरात गमतीने म्हणतो, "भाऊ, तुमच्या गावात हजारो वर्षांपासून मडकी बनतायत, तुम्हाला मी काय धंदा शिकवणार?" आजूबाजूला केळी, पपई, ऊस आणि मिरची. नंदुरबारकडे हंगामात गेलात तर रस्त्याच्या कडेला लाल मिरचीच्या पथाऱ्या दिसतात, डोळ्यांना झोंबेपर्यंत.

तर काही वर्षांपूर्वी प्रकाशाला माझं दोन दिवसांचं शिबिर होतं. पस्तीसेक जण. पापड-कुरडईवाल्या ताई, मोबाईल दुरुस्तीवाला, केळीचे वेफर्स करणारे दोघे मित्र, पिकअप घेतलेला एक मुलगा. आणि एक मिरची पावडरवाले दादा. वय चाळिशीच्या आत. (त्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळखू येतील असे तपशील बदललेत.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे निघून गेले, हे बसून राहिले. माझ्यासमोर वही ठेवली. वही बघून मी चाट पडलो. किलोला मिरची कितीला पडली, वाळल्यावर किती घट आली, देठं खुडायला बायांची मजुरी किती, दळण, पाकीट, वाहतूक, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. उधारीचं पान वेगळं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही तर माझ्या वर्गात शिकवायला पाहिजे." ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, धंद्याचं सगळं कळतं. पण सकाळी उठवत नाही."

मग तुकड्यातुकड्याने सांगितलं. मागच्या हंगामात अवकाळी पाऊस आला आणि पथारीवरचा माल काळा पडला. भावाचं म्हणणं, ताडपत्री वेळेवर का नाही टाकली. यांचं म्हणणं, तू घरी झोपला होतास. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात राहतात, धंदा एकत्र, पण आठ महिने एक शब्द नाही. हिशोब आईमार्फत जायचा. आई एकदा इकडचं सांगायची, एकदा तिकडचं, आणि दोघांच्या शिव्या खायची. हे दादा पहाटे चारला जागे व्हायचे, छताकडे बघत पडायचे, आणि साडेदहा वाजले तरी गाळ्याचं शटर वर करायला हात जायचा नाही.

आता मी काय केलं ते ऐका. आम्ही लोक जे करतो तेच केलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अर्धा तास भाषण दिलं. पहाटे उठा, ध्येय भिंतीवर लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा, अडचणीत जो उभा राहतो तोच मालक. माझ्या तीन व्हिडिओंच्या लिंक पाठवल्या. ते "हो सर, हो सर" म्हणत राहिले. मला वाटलं, जमलं.

दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. शब्द अजून कानात आहेत. "सर, राग नका मानू. हे रात्री तुमचे व्हिडिओ बघतात आणि मग जास्तच रडतात. म्हणतात, सर सांगतात ते एवढं सोपंय, सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही, म्हणजे मीच कामाचा नाही."

मी प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं काम करतोय. इतकी सरळ चपराक मला कोणी दिली नव्हती. आणि ती बरोबर होती.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं, आणि ते मी इथे स्पष्ट मांडतो. प्रेरणेचं भाषण दमलेल्या माणसासाठी ठीक असतं. आजारी माणसाला ते टोचतं. ज्याच्या गाडीत डिझेल आहे पण चालवायचा कंटाळा आलाय, त्याला हाक मारून उठवता येतं. ज्याची बॅटरीच बसलीय त्याला कितीही ओरडा, गाडी सुरू व्हायची नाही, वरून तो स्वतःलाच दोष देत बसेल. आम्ही मोटिव्हेशनवाले हा फरक करत नाही, कारण फरक केला तर व्ह्यूज कमी होतील. मीही करत नव्हतो.

मग मानसोपचार, म्हणजे ज्याला आपण सरसकट थेरपी किंवा समुपदेशन म्हणतो, त्यात वेगळं काय होतं? आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की समोरचा माणूस चार समजुतीच्या गोष्टी सांगतो. त्यासाठी फी कशाला, आमचे काका फुकट सांगतात! खरं तर चांगला थेरपिस्ट सल्ला फार कमी देतो. तो विचारतो. "तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय आलं?" "भावाने असं म्हटलं की तुम्हाला असं वाटलं?" आणि मग आठवड्याभरात करायला काहीतरी देतो. पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते बघतो. म्हणजे आपल्या धंद्यातल्या रोजमेळासारखंच. रोजची आवक-जावक लिहिली की महिन्याअखेर कळतं पैसा कुठे गळतोय. इथे मनाची आवक-जावक लिहायची.

यातली एक पद्धत मराठी माणसाला जवळची आहे. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ती मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती आणली, एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, आणि मराठीतून शिकवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिथेही या विचारावर मराठीत भरपूर काम झालंय. पद्धतीचं नाव लांबलचक आहे, विवेकनिष्ठ वगैरे, ते सोडा. गाभा असा की घटना आणि त्रास यांच्या मधे एक विचार असतो, आणि आपण त्या विचाराकडे कधी बघतच नाही.

समजा, शहाद्याच्या दुकानदाराने तुमचा चाळीस किलो माल परत पाठवला. ही घटना. तुम्ही तीन दिवस अंथरुणात. हा परिणाम. आपल्याला वाटतं माल परत आला म्हणून मी झोपलो. पण शेजारच्या पापडवाल्या ताईंचाही माल परत आला होता, त्यांनी दोन शिव्या घातल्या आणि दुपारी दुसऱ्या दुकानात गेल्या. मग मधे काय वेगळं होतं? तुमच्या डोक्यात आलं, "माझा माल परत येताच कामा नये होता. आला म्हणजे मी नालायकच."

त्या वाक्यातला 'च' बघा. आपल्या मराठीतलं हे एक अक्षर फार महाग पडतं. भावाने ऐकलंच पाहिजे. गिऱ्हाईकाने पैसे वेळेवर दिलेच पाहिजेत. मी कधी चुकताच कामा नये. पैसे वेळेवर मिळावेत ही इच्छा बरोबरच आहे, त्यासाठी फोन करा, तगादा लावा, बिलावर तारीख टाका. पण "दिलेच पाहिजेत" हा हट्ट धरला की न दिल्याच्या दिवशी आपण वसुली सोडून जळत बसतो. थेरपिस्ट तुमच्याकडून तो 'च' एकेक करून काढायला लावतो. दगड फोडण्याइतकं हळू काम आहे ते. एका भाषणात होत नाही.

आता गोव्याचं उदाहरण सांगतो, कारण "हे मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या लोकांचं खूळ" असं मला नेहमी ऐकायला मिळतं. गोव्यात संगत नावाची संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी काय केलं, गावातल्याच साध्या माणसांना, जे डॉक्टर नाहीत, मानसशास्त्राची पदवी नाही, अशांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, तीव्र उदासीनतेचा त्रास असलेल्या सुमारे ५०० जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यासोबत या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी बघितलं तर भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक त्या आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भेटी मिळालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं प्रमाणही कमी निघालं. उपचार एकीच्या मनावर केले आणि फरक घरातही दिसला.

त्या भेटींमध्ये जादू काही नव्हती. उदास माणूस कामं सोडतो, लोकांना भेटणं सोडतो, त्यामुळे आणखी उदास होतो, त्यामुळे आणखी सोडतो. हे चाक उलटं फिरवायचं. "मन लागलं की करीन" म्हणत थांबायचं नाही, अगदी लहान, ठरवलेलं काम करायचं आणि नंतर मनाला कसं वाटलं ते बघायचं. तुम्ही म्हणाल, सर, तुम्हीही तेच सांगत होता की, पहाटे उठा! फरक आहे. मी सांगत होतो डोंगर चढा. ते विचारतात, आज उंबऱ्यापर्यंत जाता येईल का?

आणि विदर्भाचं. अमरावती जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला, तोही गावातल्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून. आधी उदासीनतेच्या १०० रुग्णांमागे जेमतेम चार जण उपचाराला जायचे. प्रकल्पानंतर सत्तावीस. म्हणजे लोकांना नको असतं असं नाही. जवळ असेल आणि कोणी नीट सांगेल तर लोक जातात. नाहीतर देशपातळीवरचं चित्र वाईट आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली, त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजाराचा त्रास निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांवर काहीच उपचार चालू नव्हते. तुमच्या बचत गटात, तुमच्या व्यापारी व्हॉट्सॲप ग्रुपवर डोकी मोजा आणि हिशोब करा.

पुन्हा प्रकाशाच्या दादांकडे. वहिनींच्या फोननंतर मी पहिल्यांदा शहाणपणा केला. सल्ला दिला नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की पहाटे चारला जाग, भूक नाही, कामाला हात जात नाही, हे महिनोन् महिने चाललंय तर आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, मग समुपदेशन. दादा तयार नव्हते. त्यांचं वाक्य, "सर, गावात कळलं तर मिरचीवाला येडा व्हयना म्हणतील. उधारी कोण देईल मला?" हसू नका. धंदेवाल्या माणसाची ही भीती खरी आहे. आपली पत म्हणजे आपलं भांडवल. बाजारात एकदा नाव गेलं की माल रोखीने उचलावा लागतो.

शेवटी वहिनींनी तोडगा काढला. मालाच्या पाकिटांसाठी तसंही धुळ्याला जायचं होतं. पाकिटांच्या दिवशीच डॉक्टर. जाता-येता कोणी विचारलं तर पाकिटं आणायला गेलो. बायकांची ही बुद्धी आम्ही बिझनेस प्लॅनमध्ये कधी शिकवत नाही.

गोळ्या काही महिने चालल्या. समुपदेशकाकडे पहिली दोनदा समोर बसून, मग फोनवर. गाळ्यात मागच्या बाजूला पोत्यांवर बसून बोलायचे, चक्की बंद ठेवून. पहिल्या आठवड्याचं काम काय होतं माहीत आहे? शटर उघडायचं नाही. फक्त नऊ वाजता गाळ्यापर्यंत चालत जायचं, कुलपाला हात लावायचा, आणि वाटलं तर परत यायचं. दादा मला सांगत होते, "पहिल्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली, हे काय लहान पोराचं काम. दुसऱ्या दिवशीही परत आलो. तिसऱ्या दिवशी कुलपाला हात लावला, म्हटलं आलोच आहे तर उघडू."

भावाचा विषय यापेक्षा अवघड होता. पाचव्या-सहाव्या भेटीपर्यंत ते भावाबद्दल फक्त हिशोब सांगत होते. किती गेले, कोणाचं चुकलं. मग समुपदेशक ताईंनी विचारलं, पाऊस आला त्या रात्री तुम्ही एकटे ताडपत्री ओढत होतात, तेव्हा मनात काय होतं? आणि हा माणूस पोत्यावर बसून ढसाढसा रडला. त्या रात्री भावाला हाक मारली होती, तो उठला नव्हता. वडील गेले तेव्हाही सगळं एकट्याने केलं होतं. भांडण ताडपत्रीचं नव्हतंच. "मी एकटा पडतो" हे होतं, आणि ते त्यांनी भावाला कधीच सांगितलं नव्हतं. भावाला फक्त "तू झोपला होतास" एवढंच ऐकू आलं होतं.

इथे मी तुम्हाला थांबवून विचारतो. तुमच्या भागीदाराशी, नवऱ्याशी, सासऱ्याशी, भावाशी जे भांडण चालू आहे, ते ज्या विषयावर आहे असं तुम्ही म्हणता, त्यावरच आहे का? मी शेकडो लहान धंदे बघितले. मार्केटिंग चुकलं म्हणून बंद पडलेले कमी. दोन भाऊ बोलेनात, नवरा-बायको एकमेकांचा हिशोब तपासू लागले, बापाने गल्ल्याची किल्ली सोडली नाही, म्हणून बसलेले जास्त. घरचा धंदा म्हणजे घरचं नातं आणि वर जीएसटी. नातं तुटलं की धंद्याला कोणतीही योजना वाचवत नाही.

दोघं भाऊ एकत्र ताईंशी बोलले का? एकदाच. धाकटा आला, अर्धा तास बसला, "मला यात पडायचं नाही" म्हणाला आणि उठला. म्हणजे सिनेमासारखी गळाभेट झाली नाही. पण मोठ्याने त्या अर्ध्या तासात जे बोलायचं ते बोलून टाकलं. दोन-तीन महिन्यांनी दोघांनी धंदा वाटून घेतला. चक्की आणि पॅकिंग याच्याकडे, गाडी आणि बाहेरची विक्री त्याच्याकडे, माल एकमेकांना रोखीच्या भावात. हिशोब आता आईमार्फत जात नाही. सणाला एका पंगतीला बसतात. दादा म्हणतात, "पहिल्यासारखं नाही सर, पण बरं शे." त्यांचे अजूनही वाईट आठवडे येतात. पाऊस लागला की झोप जाते. पण आता त्यांना ते ओळखता येतं आणि ते फोन करतात.

मला कोणी विचारलं, "थेरपीने फायदा झाला का?" तर मी हेच सांगतो. झाला, इतका. थेरपी मिरचीचा भाव वाढवत नाही. अवकाळी थांबवत नाही. तुमची अडकलेली उधारी आणून देत नाही, बँकेचा हप्ता माफ करत नाही. कोणी तसं म्हणत असेल तर तो विकतोय. पण हप्ता भरायला जे डोकं आणि जी सकाळ लागते, ती परत मिळू शकते.

माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर दुसऱ्यांना पाठवतात. मीही गेलो. माझ्या बायकोने एक दिवस शांतपणे म्हटलं, "कॅमेऱ्यासमोर तुम्ही दहा मिनिटं हसता. घरात शेवटचं कधी हसलात?" मला राग आला. माणसाला खरं ऐकलं की आधी रागच येतो. मी सहा-सात वेळा गेलो. पहिले जे थेरपिस्ट मिळाले, त्यांच्याशी माझं जमलं नाही. ते घड्याळ फार बघायचे, किंवा मला तसं वाटायचं. दुसऱ्या ताईंशी जमलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण बरेच जण एकदा जातात, जमत नाही, आणि "काही उपयोग नसतो" म्हणून सोडतात. एका शिंप्याकडे शर्ट बिघडला म्हणून आपण उघडे फिरतो का?

दारूचा विषय बाजूला ठेवून चालणार नाही. आपल्या भागात धंदा बसला की बाटली उघडते, आणि लोक म्हणतात बाटलीमुळे धंदा बसला. दोन्ही खरं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं. मला तिथली एक गोष्ट आवडते. तिथे पिणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोचाही विचार होतो, सहचरी नावाचा त्यांचा गट आहे. कारण जी बाई दहा वर्षं नवऱ्याच्या खिशातले पैसे मोजत जागी राहिली, तिचीही झोप उडालेली असते. नवऱ्याने सोडली म्हणून तिची झोप दुसऱ्या दिवशी परत येत नाही. ताईंनो, तुमच्यापैकी किती जणींनी धंदा याच कारणाने सुरू केला, हे मला माहीत आहे. शिबिरात तुम्ही "आवड म्हणून" सांगता. जेवणाच्या सुट्टीत खरं सांगता.

आता व्यवहाराचं बोलू. कोणाकडे जायचं? गोळ्या लिहून देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्याचे उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशक मानसशास्त्र शिकलेला असावा. विचारायला लाजू नका, "मॅडम, तुमचं शिक्षण काय, अशा केसेस आधी केल्यात का?" तुम्ही मशीन घेताना मोटर कोणत्या कंपनीची विचारता ना? आणि ज्याच्या नावापुढे फक्त 'लाईफ कोच', 'माइंड गुरू' असं लिहिलंय, जो पहिल्याच भेटीत पंचवीस हजारांचं पॅकेज सांगतो, त्याच्यापासून लांब. यात मीही आलो. मी धंद्याचा हिशोब शिकवतो. तुमच्या मनावर उपचार करण्याचं माझं शिक्षण नाही, आणि माझ्यासारख्या कोणी तसा दावा केला तर ऐकू नका.

भगताकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमची श्रद्धा असेल तर संगमावर जा, केदारेश्वराला हात जोडा, मीही जोडतो. पण डॉक्टरही दाखवा. आणि गोळ्या चालू असतील तर कोणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नका.

पैशाचं. शहरात एका सेशनला पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत घेणारे मला भेटलेत. आपल्यासाठी ती रक्कम लहान नाही. म्हणून आधी फुकटचे रस्ते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही सरकारी योजना आहे, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसिक आरोग्य विभाग विचारा. आणि टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरात जागा नसेल तर शेताच्या बांधावर उभं राहून करा. आणि हे नीट वाचा. जीव नकोसा वाटतोय, संपवून टाकावं असं मनात येतंय, तर सकाळची वाट बघू नका, लगेच हा नंबर लावा आणि घरातल्या एका माणसाला उठवून सांगा. त्या रात्री एकटं बसू नका. आणि तुमच्या ओळखीचा कोणी असं काही बोलला तर चेष्टेवारी नेऊ नका, त्याच्याजवळ थांबा.

"गावात कळेल" याबद्दल एक गोष्ट. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. डॉक्टर तुमच्या व्यापाऱ्याला, बँकेला, सासऱ्याला सांगत फिरू शकत नाही. गाव बोलेल ते बोलेलच, त्याला कायदा काय करणार. पण मी एक बघितलंय. दादांनी स्वतः चार महिन्यांनी गाळ्यावर एका जुन्या गिऱ्हाईकाला सहज सांगितलं. गिऱ्हाईक थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "माझ्या पोराला दाखवायचं होतं. कुठे गेला होता तू?"

फोन लावल्यावर काय बोलायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. लोक नंबर लिहून घेतात आणि आठवडाभर खिशात ठेवतात, कारण पहिलं वाक्य सुचत नाही. तर कागदावर लिहून घ्या: "नमस्कार, मी नंदुरबार जिल्ह्यातून बोलतोय. माझा छोटा धंदा आहे. दोन महिन्यांपासून झोप लागत नाही आणि कामाला हात जात नाही. घरात भांडणं आहेत. मला कोणाशी तरी बोलायचंय." एवढं वाचून दाखवा. पुढचं ते विचारतात. मधेच रडू आलं तर येऊ द्या, त्यांना सवय असते.

पुढच्या महिन्यात प्रकाशाला परत शिबिर आहे. यावेळी दुसऱ्या दिवशीचा शेवटचा तास मी माझ्याकडे ठेवला नाही. एक समुपदेशक ताई येणार आहेत, आणि त्या तासाला मीही खाली सतरंजीवर बसणार आहे. मिरचीवाले दादा म्हणालेत, हंगाम आहे, पण तासाभरासाठी शटर ओढून येतो. रविवारचा व्हिडिओ नेहमीप्रमाणे सकाळी नऊला, विषय उधारीची वसुली. वही-पेन घेऊन बसा.